एका वेळी एकच दिवा

मी एक जुना दिव्यांचा तक्ता आहे. लोकशिक्षण केंद्राच्या जिन्याखाली, मोडक्या खुर्च्यांच्या मागे उभा असतो. आज अंगावर बोटभर धूळ असली, तरी एके काळी माझा काय रुबाब होता, मित्रांनो!

'धर्म आणि आजचा समाज' या प्रदर्शनासाठी माझा जन्म झाला. सुताराने माझ्यावर पाच धर्मांची पाच प्रार्थनाघरे बसवली. वायरमनने प्रत्येक घरात एक दिवा आणि खाली एक बटण लावले. वर सुबक अक्षरांत लिहिले होते, 'आम्ही सारे एकत्र नांदतो'. केंद्राच्या संचालकबाईंनी मात्र बजावले होते की एका वेळी एकच दिवा लागला पाहिजे, नाहीतर मुलांचा गोंधळ होतो. म्हणून वायरमनने एका दिव्यापुरतीच फ्यूजची बारीक तार घातली. मला त्यात काही वावगे वाटले नाही. शिस्त मला पहिल्यापासून आवडते.

उद्घाटनाला शाळेची मुले रांगेने आली. ज्याने त्याने आपल्या धर्माचे बटण दाबायचे आणि दिवा लागला की बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, असे ठरले होते. मी अगदी फुशारून गेलो होतो. मग वायरमनच्या मुलीची पाळी आली. तिची आई एका धर्माची आणि बाबा दुसऱ्या धर्माचे. लग्नानंतर दोन्हीकडच्या आजी-आजोबांनी त्यांचे तोंड पाहिले नव्हते, हे वायरमननेच काम करताना सुताराला सांगितले होते. यातली दोन घरे आपली आहेत, असे तो लेकीला हौसेने सांगून बसला होता. तिने दोन्ही हातांनी दोन बटणे एकदम दाबली.

फट् आवाज झाला आणि मी पाहुण्यांसमोर बंद पडलो. खरे सांगतो, मला त्या पोरीचा संताप आला. मुलांनी तिच्या नावाने ओरडा केला, वर्गाच्या बाईंनी तिचा कान पिरगळला. वायरमनने धावत येऊन तार बदलली.

संचालकबाई त्याला गोड हसून म्हणाल्या, "मुलीला जरा समजवा हो. नाहीतर वरच्या दालनाचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल."

तो लेकीजवळ वाकला. "एकच दाब, बाळा. आपलं दाब."

"मग आई कुठे जाईल?"

सगळा वर्ग खो खो हसला. पाहुणे हसले. त्यांना बरे वाटावे म्हणून वायरमनही हसला. "आई घरी आहे," असे म्हणत त्याने तिचे बोट धरले आणि आपल्या धर्माच्या बटणावर दाबले. दिवा लागला, टाळ्या पडल्या, फोटो निघाला. मुलगी मात्र दुसऱ्या, अंधारातल्या घराकडे बघत राहिली.

पोरांनी तिचे नाव 'आई कुठे' असे पाडले. ते पुढच्या वर्गांच्या तोंडून मी कितीतरी दिवस ऐकत होतो. वायरमनने मला पुन्हा उघडले आणि एक बटण दाबले की बाकीची मुकी होतील अशी जोडणी करून दिली. वरच्या दालनाचे काम त्यालाच मिळाले. पुढे केंद्रात चित्रफिती दाखवणारा मोठा पडदा आला आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली.

पण माझे दिवे अजून लागतात. मला विसरू नका, मित्रांनो. बघायला याल तेव्हा हात धुऊन या, ढकलाढकली करू नका, माझी बटणे हळूच दाबा. आणि आई ठेवायची की बाबा, ते घरूनच ठरवून या.