जनरलच्या जीपला मराठी येतं

मित्रांनो, मी एक जुनी लष्करी जीप आहे. इस्राएलच्या वाळवंटातल्या डिमोनाच्या या मैदानात तुम्ही माझ्या बॉनेटवर नाचता, स्टिअरिंग ओढून ओढून दमता आणि वर मलाच खटारा म्हणता. म्हणा बापडे! पण या खटाऱ्यात बसून एक माणूस जनरल झाला, आणि या खटाऱ्याला तुमच्या आज्यांची मराठी चांगली समजते, हे तुम्हांला कुणी सांगितलं नसेल.

माझा जन्म अमेरिकेतल्या कारखान्यातला. एक महायुद्ध मी युरोपच्या चिखलात काढलं आणि भंगारात पडले. अठ्ठेचाळीस साली इथे लढाई पेटली, तेव्हा कुणीतरी मला बटाट्यांच्या पोत्यांखाली दडवून हैफाच्या बंदरात उतरवलं. मला नवा रंग मिळाला, पाठीवर मशीनगन आली आणि पुढच्या सीटवर अमनोन आला. तेव्हा तो जनरल नव्हता हं. तिशीतला अधिकारी, आवाज खणखणीत, आणि राग नाकाच्या शेंड्यावर.

सुरुवातीलाच डोंगरातल्या एका वळणावर आमच्यावर गोळ्यांचा पाऊस पडला. माझी काच फुटली, मागचा गनर रस्त्यावर कोसळला. ड्रायव्हरचं डोकं माझ्या हॉर्नवर आपटलं ते तिथंच राहिलं, आणि मी भोकांड पसरलं ते थांबेचना. अमनोनने एका हाताने ते डोकं उचलून धरलं, दुसऱ्या हाताने स्टिअरिंग धरलं आणि मला त्या आगीतून बाहेर काढलं. माझ्या सीटवरचं रक्त वाळून काळं पडलं, ते घासूनही निघालं नाही.

पुढे आम्हीही तेच केलं. माझ्या पाठीवरच्या बंदुकीने माणसं आडवी केली, आणि पडलेल्यांच्या बाजूने मी धुरळा उडवत गेले. तीही कुणाची तरी लेकरंच होती. पडताना तीही आईलाच हाक मारायची. एकदा सुरुंग फुटला. माझा मागचा धुरा तुटला आणि अमनोनचा डावा कान कायमचा बंद झाला. त्याला बढती मिळाली, मला नवा धुरा.

मग एक्कावन्न साली माझ्याकडे नेहेमिया आला. नेहेमिया पेणकर, कोकणातला ज्यू, मूळचा रेवदंड्याचा, मुंबईत डोंगरीला लॉरी चालवलेला. "चल गं बाई, नखरे पुरेत," असं म्हणून त्याने मला पहिल्या दिवशी स्टार्ट केलं, आणि खोटं कशाला बोलू, मला तो फार आवडला! हिब्रू त्याला यथातथाच यायची, त्यामुळे दिवसभराचं मन मोकळं करायचा ते माझ्यापाशी. अशी मी मराठी शिकले. साहेब ओरडले की "हो साहेब" म्हणायचा आणि ते उतरून गेले की मला म्हणायचा, आपले साहेब फणसासारखे आहेत गं, काटे फार पण आत गोड.

एका गोष्टीचं त्याला फार हसू यायचं. छावणीच्या फाटकावर पहारेकरी प्रत्येकाला विचारायचा, "मी शाम?" हिब्रूत त्याचा अर्थ "कोण आहे तिथे?" मी म्हणजे कोण, शाम म्हणजे तिथे. नेहेमिया म्हणायचा, बघ ना, याही पहारेकऱ्याचं नाव शाम आणि त्याही पहारेकऱ्याचं नाव शाम! आणि खो खो हसत सुटायचा. शेजारी बसलेल्या अमनोनला कळायचं नाही की हा पोरगा पहारेकऱ्याच्या प्रश्नावर हसतो कशाला. समजावून सांगण्याइतकी हिब्रू नेहेमियाजवळ नव्हती. हे हसणं लक्षात ठेवा, मित्रांनो. त्यानेच घात केला.

सुटीला आम्ही त्याच्या घरी जायचो. पुढे डिमोना वसलं तेव्हा त्याची आई लेआबाई आणि धाकटी बहीण एदना इथल्याच पत्र्याच्या खोलीत राहायला आल्या. नेहेमिया कडी वाजवायचा. आतून लेआबाई विचारायच्या, "कोण आहे?" हा म्हणायचा, "मी गं." दार उघडायचं. माझं इंजिन गार होईपर्यंत हेच दोन शब्द मी घोळवत बसायचे.

छप्पन्न साली सिनाईच्या वाळवंटात पुन्हा लढाई जुंपली. जाताना लेआबाईंनी एलियाहू हन्नाबी या आपल्या प्रेषिताला नवस केला, पोरगा सुखरूप आला तर मलिदा करीन. आम्ही एका घळीत शिरलो आणि दोन्ही कड्यांवरून तोफांचा मारा सुरू झाला. पुढचा ट्रक माणसांसकट पेटला. जळती माणसं बाहेर उड्या मारत होती आणि गोळ्या त्यांना तिथेच गाठत होत्या. एक तुकडा माझ्या बॉनेटमधून शिरून बॅटरी फोडून गेला, दुसऱ्याने अमनोनची मांडी फाडली. नेहेमियाने मला उतारावरून तशीच गडगडत बाहेर काढली. आमची चौकी हाकेच्या अंतरावर आली तेव्हा मात्र वाळूत रुतून मी थांबले.

तेवढ्यात वादळ उठलं. भर दुपारी हाताला हात दिसेना. नेहेमियाच्या स्वतःच्या खांद्यातून रक्त वाहत होतं, ओठ फुटले होते. तरी त्याने साहेबांना पाठुंगळी घेतलं आणि चौकीच्या दिशेने निघाला. धुळीत तो मला दिसेनासा झाला. ऐकू मात्र सगळं आलं.

"मी शाम?" पहारेकरी ओरडला.

"मी!" नेहेमियाने उत्तर दिलं.

"मी?"

"अरे मी, मी!"

अहो, थकून गेलेल्या माणसाला कुठली आलीये हिब्रू! त्याला वाटलं असेल, दार आता उघडतंय. पण पहारेकऱ्याला ऐकू आलं, त्याच्या "कोण?"ला उलट "कोण, कोण!" त्याने बंदूक चालवली. मी जीव तोडून हॉर्न वाजवायला बघितला. बॅटरीच फुटलेली, आवाज कुठून निघणार? सगळ्या गोळ्या नेहेमियाने छातीवर घेतल्या. अमनोनने त्याच्या पाठीवरून आपलं नाव ओरडून सांगितलं तेव्हा गोळीबार थांबला.

चौकशी झाली. अमनोनला विचारलं, तेव्हा तो खरं तेच बोलला: "त्याने 'मी, मी' म्हटलेलं मी माझ्या कानाने ऐकलं, आणि या प्रश्नावर तो नेहमीच हसायचा." झालं! ड्रायव्हरने ऐन लढाईत पहारेकऱ्याची टर उडवली, असं ठरलं. छावणीतल्या दगडावर पडलेल्या जवानांची नावं कोरली, नेहेमियाचं नाव वगळलं. अमनोन जनरल झाला. आणि इथे लोक कुजबुजू लागले, पेणकरांचा पोरगा थट्टेपायी मेला. खरं काय ते एका मला माहीत होतं, आणि मला तोंड नव्हतं. इतका संताप मला माझ्या आयुष्यात कधी आला नाही.

लेआबाईंना एकच हवं होतं, त्या दगडावर लेकाचं नाव. त्या निरोपावर निरोप पाठवायच्या, साहेबांनी एकदा येऊन सांगावं, माझा नेहेमिया शेवटी काय बोलला. साहेब टाळायचे. दोन वर्षांनी पाय साथ देईना म्हणून ते निवृत्त झाले, मला भंगारातून मागून घेतलं, आणि एक दिवस मला हाकत डिमोनाला आले. टाळायला आता गणवेशही उरला नव्हता.

दाराबाहेर खाटेवर लेआबाई बसल्या होत्या. जनरल उभ्यानेच हिब्रूत बोलले आणि एदनाने मराठीत सांगितलं, "आई, हे म्हणतात, दादाने शेवटी विचारलं, कोण, कोण."

लेआबाई म्हणाल्या, "तुझं भाषांतर नको. त्याचेच शब्द सांग."

एदनाने पुन्हा विचारलं. जनरल हळूच म्हणाले, "मी, मी."

"मग विचारलंन कुठे गं त्याने?" लेआबाई म्हणाल्या. "सांगितलंन."

एदनाचा चेहरा पांढराफटक पडला. तिने रडत रडत जनरलना अर्थ सांगितला. तोफांना न डगमगलेला तो माणूस माझ्या मडगार्डला धरून खाली बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याने लेआबाईंना माझ्या पुढच्या सीटवर बसवलं आणि छावणी गाठली. फाटकावर नवा पहारेकरी होता. त्याने विचारलं, "मी शाम?"

जनरलच्या आधी लेआबाई बोलल्या. "मी."

"मी?" पहारेकऱ्याच्या कपाळाला आठी पडली.

"मी!"

त्याचा हात बंदुकीच्या पट्ट्याकडे गेला. जनरल लंगडत खाली उतरला आणि दोन्ही हात पसरून बंदुकीसमोर उभा राहिला.

"थांब," तो म्हणाला. "ती विचारत नाहीये. ती उत्तर देते आहे."

नेहेमियाचं नाव आता त्या दगडावर आहे. मी मात्र इथे गंजते आहे. जमलं तर मला थोडं तेल द्या, पाऊस आला तर काहीतरी पांघरा. आणि तेही नाही जमलं तर एवढं तरी करा, मित्रांनो: खेळताना कुणी तुमच्या बंदुकीसमोर न कळणारा शब्द बोलला, तर आधी त्याचा अर्थ विचारा. मला त्या दुपारी तो सांगता आला नाही.