तापातलं तूप

झाकण काढायचं, वरण-भातावर तुपाची धार सोडायची आणि मला परत कोपऱ्यात ढकलायचं, एवढीच तुमची-माझी ओळख. आज जरा माझंही ऐका. मी खडकीतल्या एका घरातली तुपाची तामली बोलतेय.

मी स्टीलची. रविवार पेठेतल्या भांड्यांच्या दुकानात वजनावर विकली गेले. दुकानदाराने मशीनने माझ्या पोटावर नाव कोरलं, तेव्हा जीव नुसता कळवळला होता. सुशीलाबाईंच्या लग्नात त्यांच्या मावशींनी मला आहेरात दिलं. सुशीलाबाईंचे यजमान रंगराव तेव्हा दारूगोळा कारखान्यात होते. आता ते निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, जवळच लहानसा फ्लॅट घेतला. मिक्सर बदलले, गॅसच्या शेगड्या बदलल्या, मी मात्र तीच राहिले.

या घरात माझा मान मोठा. त्यांचा मुलगा संतोष तर लहानपणी तूप वाढल्याशिवाय घासही घ्यायचा नाही. पण घरात कुणाला ताप आला, की सुशीलाबाई आधी मला उचलून सगळ्यात वरच्या फळीवर ठेवायच्या. तापात तूप नाही, दूध नाही. पेज, मुगाचं पाणी आणि कोरा चहा. "जड पडतं," एवढंच त्या म्हणत. मला राग यायचा. वर धूळ असते, शिवाय पाल फिरते. पण त्या हे मायेपोटीच करायच्या, तेही दिसत होतं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर संतोष मिझोरामहून घरी आला. तिकडे रस्त्याच्या कामावर तो इंजिनिअर आहे. आला तो हुडहुडी भरूनच. गोधडीवर गोधडी घातली तरी दात वाजायचे थांबेनात. त्याची बायको भाग्यश्री त्याला लगेच दवाखान्यात घेऊन गेली. रक्तात मलेरिया निघाला, तोही जिवावर बेतू शकेल असा. हे मी वरच्या फळीवरूनच ऐकलं. माझी रवानगी केव्हाच झाली होती.

"मलेरियाच ना?" रंगराव म्हणाले. "आमच्या वेळी क्लोरोक्वीनच्या कडू गोळ्या गिळल्या की काम व्हायचं."

"बाबा, हा मलेरिया त्या गोळ्यांना दाद देत नाही," भाग्यश्री म्हणाली. "म्हणून डॉक्टरांनी दोन औषधं एकत्र असलेली गोळी दिलीय. एक लगेच मारा करतं, दुसरं मागे उरलेल्या जंतूंचा बंदोबस्त करतं. तीन दिवसांचा कोर्स आहे, पूर्ण करायचाच. आणि आई, गोळी दुधाबरोबर किंवा तूप-भातावर द्यायची बरं का."

"बरं," सुशीलाबाई म्हणाल्या.

भाग्यश्री ऑफिसला गेली आणि बाईंनी पेज शिजायला ठेवली. गोळी वेळेवर दिली, पण पेजेबरोबर. दुधाचं पातेलं फ्रिजमधून बाहेरही आलं नाही. डॉक्टर शिकल्या असतील पुष्कळ, पण तापलेल्या पोराच्या पोटात तूप घालायचं म्हणजे काय? हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. मी वरून बघत होते. तामलीला तोंड असतं, पण त्यातून फक्त तूपच बाहेर पडतं.

दुसऱ्या दिवशी संतोषचा ताप तसाच होता. एक गोळी घेतल्या घेतल्या उलटून पडली. पुन्हा हुडहुडी भरली, तेव्हा भाग्यश्रीने घाबरून दवाखान्यातल्या डॉक्टर आलिमांना फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"गोळ्या कशाबरोबर दिल्यात?" डॉक्टरांनी विचारलं.

भाग्यश्रीने सासूबाईंकडे पाहिलं.

"पेजेबरोबर," सुशीलाबाई हळूच म्हणाल्या. "अहो, ताप होता त्याला."

डॉक्टर रागावल्या नाहीत. "आई, त्यातलं दुसरं औषध स्निग्ध खाण्याबरोबर दिलं, तरच रक्तात पुरेसं उतरतं. नाहीतर गोळी पोटात जाते आणि जंतूंपर्यंत जेमतेम पोचते. मग आजार बळावतो. असे अर्धवट मार खाल्लेले जंतू पुढे या औषधालाही जुमानत नाहीत."

"मग आता दोन-दोन देऊ का?"

"मुळीच नाही. आपल्या मनाने एकही जादा द्यायची नाही. त्याला आत्ताच घेऊन या. उलटून पडलेल्या गोळीचं काय करायचं, ते तपासून मी सांगते."

संध्याकाळी ते परत आले. डॉक्टरांनी त्याला नीट तपासलं होतं, पुढच्या गोळ्या कशा द्यायच्या ते ठरवून दिलं होतं आणि रोज दाखवायला बोलावलं होतं. सुशीलाबाई स्टुलावर चढल्या आणि त्यांनी मला खाली काढलं. माझ्या झाकणावरची धूळ त्यांनी पदराने पुसली.

"मला भीती वाटतेय हो," त्या रंगरावांना म्हणाल्या. "इतकी वर्षं तापात मी याला तूप दिलं नाही. नीटच होता ना तो?"

"इतकी वर्षं त्याला मलेरिया नव्हता," रंगराव म्हणाले.

बाईंनी मऊ भातावर तूप घातलं, कालवलं आणि स्वतःच्या हाताने लेकाला भरवलं. मग गोळी दिली. त्यानंतर त्या त्याच्या तोंडाकडे बघत बसल्या, आपण पोराला विष तर दिलं नाही ना, असा चेहरा करून. मला त्यांची फार दया आली. जन्मभर खरं मानलेलं बाजूला ठेवून पोटच्या पोराला घास भरवायचा, हे सोपं नसतं.

ताप उतरला. संतोष उठून बसला आणि म्हणाला, "आई, मला बरं वाटतंय. राहिलेल्या गोळ्या साइटवर नेतो, तिथे कुणाला तरी लागतील."

"तोंड उघड आधी," सुशीलाबाई म्हणाल्या, आणि शेवटची गोळी संपेपर्यंत त्यांनी त्याची पाठ सोडली नाही. पुढे रक्त पुन्हा तपासलं, ते स्वच्छ निघालं. त्या दिवशी बाई स्वयंपाकघरात एकट्याच रडल्या.

आता या घरात माझा भाव फारच वधारलाय. मध्यंतरी शेजारच्या दुर्गाबाई दारात आल्या. त्यांच्या यजमानांना ताप होता. सुशीलाबाईंनी मला उचललं आणि त्या तरातरा निघाल्या. मी नुसती फुगले होते. पण खरं सांगते, आत कुठेतरी धास्तीही वाटत होती. प्रत्येक तापाचं औषध निराळं, त्याचं पथ्यही निराळं. एका गोळीला माझी सोबत लागली, म्हणून मी काही औषध झाले नाही. मला फळीवर ठेवा, नाहीतर खाली काढा, पण आधी डॉक्टरांना विचारा हो.

उंबऱ्यापाशी सुशीलाबाई थबकल्या.

"रक्त तपासलंत का?" त्यांनी विचारलं. "गोळ्या कशाबरोबर घ्यायच्या, ते विचारलंत?"

"ते नाही विचारलं."

"मग चला, विचारून येऊ." त्यांनी मला ओट्यावर ठेवलं आणि पायात चपला सरकवल्या.