सरावखोलीतली बोंबक्का

मित्रांनो, मी एक जुनी कापडी बाहुली आहे, पण खेळण्यातली नव्हे. बेंगळुरूच्या एका इस्पितळात परिचारिकांची शाळा होती. तिथल्या सरावखोलीत मी चौदा वर्षं रोगी म्हणून पडून होते. ताप नाही, खोकला नाही, तरी रोज आजारी. आता फार थकले आहे. सावकाश सांगते, तुम्हीही सावकाश ऐका.

माझा जन्म १९५३ सालचा. विलायतेहून बाहुली मागवायची परवानगी काही मिळेना, तेव्हा शिक्षिका अहल्याबाई चिक्कपेटेतल्या नागोजी शिंप्याकडे गेल्या. दोघांच्याही घरी पिढ्यान्‌पिढ्या मराठी, त्यामुळे बोलणं सोपं झालं. नागोजीने जाड मांजरपाटाचं बाईएवढं अंग शिवलं, त्यात कापूस आणि वाळूच्या पिशव्या भरल्या. उचलताना माणसाचं वजन लागायला हवं ना! लाल दोऱ्याने मिटलेलं तोंड काढलं आणि मग त्याने विचारलं, "अक्का, डोळे मिटलेले काढू की उघडे?"

"उघडे," अहल्याबाई म्हणाल्या. "हिला दिसू दे आपण काय करतो ते."

मुलींनी माझं नाव बोंबक्का ठेवलं, कारण कानडीत बाहुलीला बोंबे म्हणतात. माझ्या अंगावर त्या पट्टी बांधायला शिकल्या, अंग पुसायला शिकल्या, मी खाटेवर असतानाच खालची चादर बदलायला शिकल्या. दिवसातून चाळीस वेळा मला या कुशीवरून त्या कुशीवर वळवत. पाहुणे आले की माझं कौतुक व्हायचं. पण इतक्या हातांतून गेले तरी माझ्याशी कुणी चकार शब्द बोलत नसे.

अहल्याबाईंना ते खुपू लागलं. या मुली वॉर्डातही अशाच मुक्याने वावरतात, हे त्यांनी पाहिलं होतं. मग त्यांनी नवीनच धडा सुरू केला. माझ्या उशाशी पडदा लावायचा, पडद्यामागे आया सोयराबाईने बसायचं आणि माझ्या वतीने बोलायचं. मुलीने आधी आपलं नाव सांगायचं, काय करणार ते सांगायचं आणि मगच हात लावायचा. मोठे डॉक्टर याला नाटक म्हणाले. महिनाभरात फळ दिसलं नाही तर हे बंद करा, असंही त्यांनी बजावलं.

त्या वर्षी, म्हणजे १९६१ साली, होसकोट्याची भाग्यलक्ष्मी दुसऱ्या वर्षाला होती. तिची पट्टी इतकी नेटकी, की सोडवताना वाईट वाटावं. पण बोलायची वेळ आली की ती पट्टीतच मान घाली. एकदा अहल्याबाईंनी माझा उजवा पाय बांधला आणि तिला सांगितलं, की या बाईचा पाय कापावा लागणार आहे, ते तू तिला सांगायचं.

भाग्यलक्ष्मी उभ्या उभ्याच म्हणाली, "काळजी करू नका. सगळं बरं होईल."

तिने तेच पुन्हा म्हटलं. तेव्हा सोयराबाई पडदा सारून बाहेर आली. तिचा आवाज चढला नव्हता.

"माझ्या नवऱ्याच्या वेळी सिस्टर असंच म्हणाली होती. बरं होईल म्हणाली, म्हणून मी डबा करायला घरी गेले. परत आले तर खाट रिकामी, गादी उन्हात टाकलेली. खरं सांगितलं असतं तर मी हलले नसते गं तिथून."

मग सोयराबाईनेच स्टूल ओढून माझ्याजवळ ठेवलं. "स्वल्प बस, जरा टेक, पोरी. उभं राहून सांगू नये असलं," ती म्हणाली आणि पुन्हा पडद्यामागे गेली. त्या दिवशी भाग्यलक्ष्मीने तो धडा सहा वेळा केला. मी सहा वेळा पाय गमावला.

पुढच्याच आठवड्यात वॉर्डातून विठोजी नावाचा गिरणी कामगार उपचार अर्धवट सोडून घरी निघाला. पायाची जखम सडत वर चढली होती. डॉक्टर त्याच्या खाटेशी पाय काढण्याबद्दल इंग्रजीत बोलून गेले होते, त्याला धड कुणी काही सांगितलं नव्हतं. त्याची बायको तानूबाई गाठोडं बांधत होती. भाग्यलक्ष्मी स्टूल घेऊन त्याच्याजवळ बसली. हे सगळं तिने नंतर माझ्या खाटेच्या काठावर बसून अहल्याबाईंना सांगितलं, म्हणून मला ठाऊक.

"मामा, मी भाग्यलक्ष्मी," ती त्याला म्हणाली होती. "पायाबद्दल सांगायचंय. वाईट आहे. सांगू?"

त्याने मान डोलावली.

"गुडघ्याखालून पाय काढावा लागेल. नाही काढला तर तुमचा जीव वाचणार नाही."

त्याने पांघरूण सारून पायाची पट्टी चाचपली. तिला पळून जावंसं वाटत होतं, पण ती उठली नाही. शेवटी तो म्हणाला, "मग मी यंत्रापाशी उभा कसा राहू?"

"ते मला ठाऊक नाही," ती म्हणाली. "ज्यांना ठाऊक आहे त्यांना बोलावते. ते येईपर्यंत मी इथंच बसते."

तानूबाईने गाठोडं सोडलं. विठोजीचा पाय गेला, जीव राहिला. दीड महिन्याने तो कुबड्यांवर घरी गेला. हे सांगताना भाग्यलक्ष्मी माझ्या मांजरपाटाच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. अहल्याबाईंनी तिला रडू दिलं. मोठ्या डॉक्टरांनी पुन्हा नाटक हा शब्द काढला नाही.

पण मित्रांनो, चांगल्या गोष्टीही थकतात. अहल्याबाई निवृत्त झाल्या. सोयराबाईचे गुडघे गेले, ती येईनाशी झाली. बोलण्याला परीक्षेत गुण नव्हते, त्यामुळे तो धडा आधी पंधरवड्यावर गेला, मग वर्षातून एकदा झाला, मग राहूनच गेला. १९६७ साली रबराची नवी बाहुली आली. तिला सुई टोचता येते. मला अडगळीच्या खोलीत मोडक्या खाटांमागे उभं केलं. उंदरांनी माझा डावा खांदा कुरतडला आहे. रोज थोडी वाळू गळते. राग कुणाचा करू? रागवायलाही त्राण लागतं.

एवढंच मागते. तुमच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलं असेल, तर औषधाची बाटली ठेवून पळू नका. जवळ बसा. विचारलं तर खरं सांगा, आणि ठाऊक नसेल तर ठाऊक नाही म्हणा. मला न बोलता उचललंत, फेकलंत, तरी मी मनाला लावून घेणार नाही. माझ्या आत कापूस आहे. त्या आजारी माणसाच्या आत नाही.