बंद केलेली सूचना

थोरलीने फुलीवर क्लिक केले. सूचना गेली. तिने पान पुन्हा उघडले, तर सूचना परत हजर: 'आपल्या वाचनालयाच्या माजी ग्रंथपालांचे दुःखद निधन.' वर अण्णांचा फोटो.

"बघ," आई मागून म्हणाली. "रोज असंच."

अण्णा म्हणजे थोरलीचे वडील. त्यांच्याच वाचनालयाची वेबसाइट ती सांभाळत होती आणि ही सूचनाही तिनेच लावली होती. लावताना तिला रडू कोसळेल असे सगळ्यांनी धरूनच ठेवले होते. कोसळले नाही. तिने फोटोची रुंदी जुळवली आणि चहा घेतला.

समितीने सूचना वर्षभर ठेवायची ठरवली होती; पण कोणी ती एकदा बंद केली की त्याला पुन्हा दिसत नसे. हजारभर सभासदांना ती एकदाच दिसली. फक्त आईला रोज. दिव्याखाली अंधार, दुसरे काय.

आईला फोटो बघून बरे वाटत असेल, अशी थोरलीची समजूत होती. पण आई ताकाला जाऊन भांडे लपवणाऱ्यांतली नव्हती.

"फोटो भिंतीवर आहे की. मी शब्दकोडं सोडवायला उघडते," ती म्हणाली. "आणि रोज सकाळी मला नव्याने कळतं, की ते गेले. एकदा कळलंय ना. पुरे झालं."

कारण सापडायला दोन मिनिटे लागली. सूचना बंद केली की ब्राउझर तशी एक बारीकशी चिठ्ठी जपून ठेवतो. तिलाच कुकी म्हणतात. अण्णांनी या कंप्यूटरवर कुकी बंद करून टाकल्या होत्या. आपल्या घरात परक्यांनी चिठ्ठ्या ठेवायच्या नाहीत, हा त्यांचा बाणा. आता चिठ्ठीच नाही म्हटल्यावर लक्षात राहणार कुठे? थोरलीने सेटिंग उघडले, तसा आईने तिचा हात धरला. त्यांनी लावून ठेवलेले काही हलवायचे नाही, एवढेच ती म्हणाली. वाद घालायचे त्राण थोरलीतही नव्हते.

मग इलाज वाचनालयाच्या ऑफिसातून करायचा. प्रत्येक सभासदाकडे वाचनालयाची लिंक होती आणि तिच्या शेवटी त्याचा क्रमांक. कोणत्या क्रमांकावरून सूचना बंद झाली, हे वाचनालयाच्याच सर्व्हरवर नोंदवले की घरच्या कंप्यूटरने काही लक्षात ठेवायची गरज उरत नव्हती. दिवसभर ती तेच करत बसली. बदल करायचा, पान उघडायचे, दुःखद निधन, फुली. पुन्हा उघडायचे, पुन्हा निधन, पुन्हा फुली. असे चाळीसेक वेळा तरी झाले असेल. हे काम दुसऱ्या कोणाला देऊ का, असे नव्या ग्रंथपालबाईंनी दोनदा विचारले. फुलीच तर दाबायची आहे, असे तिने सांगितले. तिला खरेच काही वाटत नव्हते, आणि लाज वाटत होती ती त्याचीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने फुली दाबली, पान पुन्हा उघडून पाहिले आणि ऑफिसात फोन केला. नाही आली, म्हणाली, आणि कोड्यातला एक शब्द विचारला. तो थोरलीलाही येत नव्हता.

तिने फोन ठेवला तेव्हा बाई तिच्या टेबलाशी उभ्या राहून पडद्यावरची नव्या नोंदींची यादी वाचत होत्या. वाचता वाचता त्या थबकल्या. आई स्वतः कधी सभासद झालीच नव्हती. एका घरात एक क्रमांक पुष्कळ झाला, म्हणून ती अण्णांचीच लिंक वापरायची. यादीत अण्णांचे पूर्ण नाव होते. त्यापुढे आजची तारीख, आठ वाजून दहा मिनिटे, आणि शेवटच्या रकान्यात 'सूचना वाचली'.

"अगं, हे काय झालं," बाई हळूच म्हणाल्या. "थांब, काढून टाकते मी." त्यांनी पुढे होऊन माउस हातात घेतला.

ती नोंद काढली तर आईला उद्या सूचना परत दिसेल, एवढे सांगितले असते तरी भागले असते. थोरली तेच सांगायला गेली.

"राहू द्या बाई," ती म्हणाली. "पाच महिने अंथरुणावर होते. अशक्तपणा आहे, होईल बरं, असंच सांगत होतो आम्ही दोघी, अगदी शेवटपर्यंत. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं."

बाईंनी माउसवरचा हात काढून घेतला.