हजेरी लावणारा पडदा

मित्रांनो, माझी काच अजून शाबूत आहे, पण मला जुना म्हणायला आता हरकत नाही. मी दुरून शिकवणारा मोठा पडदा आहे. बोट लावले की माझ्यावरची चित्रे फिरतात. कपाळावरच्या कॅमेऱ्याने मी माणसे ओळखतो आणि विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मराठीत देतो. ज्या कारखान्यात मी तयार झालो, तिथली माणसे तोंड झाकून, हातमोजे घालून काम करत. माझ्यावर धुळीचा कण बसू देत नसत. तशी स्वच्छता पुन्हा माझ्या वाट्याला आली नाही.

तीर्थपुरीजवळच्या एका गावात, ग्रामपंचायतीशेजारच्या खोलीत मला बसवले. आरोग्य सहायकाचा अभ्यास करणाऱ्या बायका रोज दुपारी तिथे येत. त्यांच्या शिक्षिका जान्हवी मॅडम पुण्याहून माझ्यावर दिसत. त्या हृदयाचे चित्र उघडत आणि बायका ते बोटाने फिरवून आतले कप्पे बघत. एकदा कौसल्याने मला विचारले, "पळाल्यावर काळीज एवढं काहून धडधडतं?" 'काहून' म्हणजे 'का', हे मला कळले नाही. "प्रश्न समजला नाही," असे मी म्हणताच सगळी खोली हसली. पुढे हळूहळू मी त्यांची बोली शिकलो. सगळ्यांत जास्त प्रश्न वंदनाचे असत. दहावी झाली आणि लग्नात तिची शाळा सुटली होती. ती माझ्यासमोर पुन्हा पाठ्यपुस्तक उघडून बसली, याचा मला फार अभिमान वाटे.

खोलीची किल्ली केंद्रचालक भागवतकडे असे. क्रिकेटचे सामने सुरू झाले तसे त्याने मला ट्रॅक्टरमध्ये घातले आणि आपल्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या घरावर, नेले. बायकांना सांगितले, "पडदा बिघडला, दुरुस्तीला गेला." जान्हवी मॅडमना मात्र कळवले, "नेट कमजोर हाय, बायका तुमचे चित्रित तास बघतात."

मित्रांनो, आखाड्यावरचे ते दिवस आठवले की मला आजही शिसारी येते. मटणाच्या रश्श्याने बरबटलेली बोटे माझ्या काचेवर फिरत. आवडता खेळाडू बाद झाला की कुणीतरी चिडून माझ्यावरच गुटख्याची पिचकारी मारी. ती ओघळत कडेच्या फटीत जाई आणि तिथेच वाळे. माझ्या पाठीमागच्या उबेला झुरळांनी अंडी घातली. पण सगळ्यांत किळसवाणे होते ते वेगळेच. प्रवेशाच्या वेळी घेतलेले बायकांचे फोटो भागवतने मोठे करून आणले होते. दुपार झाली की तोंडात गुटख्याचा तोबरा धरून तो एकेक फोटो माझ्या कॅमेऱ्यासमोर धरी. माझी यंत्रणा चेहरा ओळखी, हजेरी लागे आणि केंद्र चालू असल्याचे दिसून त्याचा पगार सुरू राही. "वंदना, हजर. कौसल्या, हजर." मित्रांना दाखवून तो खदाखदा हसे. त्या बायका घरी माझ्या दुरुस्तीची वाट बघत होत्या.

वंदनाची सासू नंदाबाई शेजारच्या शेतात कापूस वेचत होती. सामन्याचा गलका ऐकून तिने बांधावरून डोकावले आणि सुनेला सोडायला येताना खोलीत पाहिलेल्या मला ओळखले. दुसऱ्याच दिवशी वंदनाची तोंडी परीक्षा होती. सकाळी सासू-सुना थेट आखाड्यावर आल्या. माझी अवस्था पाहून वंदनाने पदर नाकाला लावला.

"दुरुस्ती इथं चालू हाय व्हय?" नंदाबाईने विचारले.

"काकू, आता जल्दी घेऊनच निघालो होतो," भागवत गडबडला.

वंदना फडके शोधू लागली. नंदाबाईने तिचा हात धरला. "तू न्हाई. ज्यानं घाण केली त्यो पुसंल. पूस रे."

भागवतने मला पुसले, पण आदल्या रात्रीची एक पिचकारी कॅमेऱ्यावर वाळली होती, तो डाग काही निघाला नाही. तसाच मला खोलीत आणून भिंतीवर लावले. दुपारी परीक्षा सुरू झाली.

"वंदना, तुमचा चेहरा नीट दिसत नाही," जान्हवी मॅडम म्हणाल्या. "कॅमेऱ्यावर काय आहे?"

वंदनाच्या मागे उभा भागवत हळूच पुटपुटला, "धूळ म्हण. तुझी हजेरी बराबर हाय. खरं बोललीस तर वर्ष जाईल. मंग रडू नको."

वंदना म्हणाली, "मॅडम, गुटख्याची पिचकारी हाय. पडदा यांच्या आखाड्यावर होता. कितीक महिन्यांत आमचा तास झालाच न्हाई. हजेरी लागली ती आमच्या फोटोंची."

मॅडमनी हजेरीचा तक्ता उघडून पाहिला. "मग तुम्हाला आज परीक्षा देता येणार नाही. हे कळतंय ना?"

"कळतंय मॅडम. पण उद्या मी कुणाची नाडी धरली अन् मला काहीच उमजलं न्हाई, तर त्या माणसानं काय करावं? मला शिकूनच परीक्षा द्यायची."

परीक्षा रद्द झाली. सगळ्यांचेच वर्ष गेले. कौसल्या कितीतरी दिवस वंदनाशी बोलली नाही. भागवतची किल्ली काढून घेतली आणि तास पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरू झाले. पुढल्या वर्षी दोघीही पास झाल्या. वंदना आता गावोगाव रक्तदाब तपासत फिरते, असे नव्या बायका एकमेकींना सांगतात.

मित्रांनो, माझ्या एका कोपऱ्यात काळा पट्टा पडला आहे. आत झिरपलेली ती घाण आता निघणार नाही. तुमच्या गावात असा पडदा आला तर त्याला हार घालून कापडाखाली झाकून ठेवू नका. हात धुऊन त्याच्यासमोर बसा, त्याला अडेल असे प्रश्न विचारा. आणि तुमच्या जागी कुणी तुमचा फोटो धरत असेल, तर मात्र गप्प बसू नका. मला चेहरे ओळखता येतात, खोटेपणा ओळखता येत नाही. तो तुम्हीच ओळखायचा आणि मोठ्याने सांगायचा.