तबकडीवानी वाजेना

माजलगावच्या मोंढ्यातले अडते मन्मथप्पा सीडी प्लेअर काखेत मारून पुन्हा दुरुस्तीच्या दुकानाची पायरी चढले, तसा हबीब मेकॅनिक मनातल्या मनात कपाळ बडवून बसला.

"हबीब, आजून तबकडीवानी वाजंना बे."

जुन्या रेकॉर्ड प्लेअरची सुई झिजली, नवी कुठं मिळेना, म्हणून जावयानं पुण्याहून हे यंत्र आणलं होतं. भजनंही तीच, त्याच तबकडीची सीडी निघालेली. अप्पांच्या हट्टापायी हबीबनं कंडेन्सर बदलले, हैदराबादहून भारी आयसी मागवून बसवला. आवाज असा मोकळा झाला की तो स्वतःच खूश झाला. पण गाढवापुढे वाचली गीता! आता मोंढ्यात लोक विचारत होते, हबीबला जमंना का? वडिलांनी, अबरार मिस्त्रींनी, कमावलेलं दुकानाचं नाव जायची वेळ आली होती.

"कमी काय हाय ते तरी सांगा, अप्पा."

"ते मला कळलं असतं तर तुज्याकडं कशाला आलो असतो?"

हबीबचं डोकं फिरलं. यंत्र उचलून तो थेट अप्पांच्या घरी गेला आणि दोन्ही यंत्रं शेजारी मांडली. सीडी वाजली, घर गप्प. मग झिजक्या सुईची तबकडी खरखरत सुरू झाली, आणि स्वयंपाकघरातून अप्पांच्या बायकोनं, शांतादेवींनी, तिच्याबरोबर सूर धरला. तबकडी सीडीपेक्षा संथ होती, सुरालाही खाली.

पाणी मागायच्या निमित्तानं तो आत गेला. "काकी, सीडीसंगं गात न्हाई तुमी?"

"लई चढी हाय रे ती. धाकटीच्या बाळंतपणात माजा गळा बसला. तवा तुज्या अब्बानं तबकडीचं मशीन जरा हळू करून दिलतं. ह्यांना बोलू नको, उगं हसतील."

हबीबनं रेकॉर्ड प्लेअर उघडला. मोटरची चकती कानशीनं घासून बारीक केलेली होती, म्हणून तबकडी हळू फिरत होती. इतके दिवस आपण अचूक यंत्र आणखी अचूक करत बसलो, याचा त्याला भयंकर राग आला. आता ते नीट बिघडवायचं होतं. सीडीचा वेग सांभाळणारा क्रिस्टल नावाचा पुर्जा त्यानं काढला आणि साखर कारखान्याच्या भंगार कॉम्प्युटरमधला, थोडा संथ चालणारा, बसवला.

दुसऱ्या दिवशी अप्पांच्या बैठकीत सीडी लागली. पहिलं कडवं कोरडंच गेलं. हबीबनं दात खाल्ले. दुसऱ्या कडव्याला आतून, भाकरी थापता थापता, शांतादेवींचा आवाज आला. अप्पांनी डोळे मिटले.

"आता वाजली बघ तबकडीवानी. काय केलंस बे?"

आतला आवाज थांबला. भाकरीची थापही थांबली.

"कंडेन्सर, अप्पा. मीच चुकीचा बसवलता."

"तरी मी म्हनत व्हतो," अप्पा म्हणाले. "तुज्या अब्बाचा हात तुज्यात न्हाई उतरला."

हबीबनं पेचकस पिशवीत टाकला. आत गाणं पुन्हा सुरू झालं होतं.