चौथी सही

माझ्या लेकीला, कोरीनला, पिस्तूल बाळगायचा परवाना हवा होता. हौस म्हणून नाही. तिचा सोडलेला नवरा ड्वेन एप्रिलमध्ये तुरुंगातून सुटणार होता. तिच्याजवळ फिरकायचं नाही असा कोर्टाचा हुकूम होता, पण त्याच कोर्टातून बाहेर नेताना तो सगळ्यांदेखत तिला म्हणाला होता, "येतोच मी."

कोरीन पहाटे गोठ्यावर दूध काढायला जाते. वाटेत सगळं जंगल. शिकारीची बंदूक माझ्या दारामागे लग्नापासून उभी आहे, पण ती भरून गाडीत ठेवली तर आपणच आत. पिस्तूल कोटाखाली ठेवायचं तर परवाना, आणि परवाना म्हणजे कागदच कागद.

मी शाळेत फार गेले नाही. बापाने लवकरच मेपलचा रस आटवायच्या चुलीपाशी बसवलं. म्हणून कागदाला मी भिते असं कुणी समजू नये. कोरीनने बोटांचे ठसे दिले. पिस्तुलाच्या वर्गाला जाऊन आली, गोळ्या झाडून दाखवल्या. शिकवणारा म्हणाला, "पोरीचा हात हलत नाही."

"माझ्यावर गेलीय," मी म्हटलं.

अडलं ते साक्षीदारांपाशी. हिची चालचलणूक चांगली आहे असं लिहून देणारे चौघं पाहिजेत, ह्याच काउंटीतले म्हणजे जिल्ह्यातले, आणि त्यांत नातेवाईक एकही नको. आमच्या खोऱ्यात कुत्रंसुद्धा कुणाचं तरी चुलत लागतं. गोठ्याचा मालक बाहेरून आलेला, तो एक. पाद्री दुसरा. जनावरांची डॉक्टरीण तिसरी. संपली परकी माणसं.

परवान्याच्या खिडकीवर टॅमी बसते.

"टॅमे, तूच कर की चौथी सही."

"ऑर्फाकाकू, मी तुमच्या पुतण्याची बायको."

"मग सांगतंय कोण?"

"मीच! कागद मीच तपासते ना." मग तिने आवाज उतरवला. "ड्वेनची माणसं चालतील बघा. घटस्फोट झाला, आता कायद्याने ती परकीच."

"त्याच्या माणसांत उरलंय कोण? डेल्फीन?"

टॅमी उगाच कागदांची चळत सारखी करत बसली.

डेल्फीन ड्वेनची आत्या. आईवेगळं पोर तिनेच वाढवलं. खटल्याला ती त्याच्या बाजूच्या बाकावर बसली, त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलत नव्हते. आगीच्या बंबवाल्यांसाठी गाव चिकनचं जेवण घालून पैसे जमवतं, तिथे मी बीन्स वाढते, ती कोबी. मधे एक टेबल रिकामं सोडतात, लोकांना शहाणपण आहे.

"आई, राहू दे," कोरीन म्हणाली. "मी बघते दुसरं कुणी."

"कोण? हरणं?"

गेलेच डेल्फीनकडे. रिकाम्या हाताने गेले, काही नेलं असतं तर लाच वाटली असती.

डेल्फीनने दार अर्धंच उघडलं. "कोण मेलं?"

"कुणी नाही. सही पाहिजे."

स्वयंपाकघरात टेबलाशी बसून तिने चष्मा लावून सगळा कागद वाचला. मग म्हणाली, "म्हणजे माझ्याच पोरावर रोखायला मी सही करायची."

"तो लांब राहिला तर पिस्तूल कोटातच राहील."

"तुझी जीभ काही बदलली नाही."

"तुझा पडदाही नाही बदलला."

ती कागद माझ्याकडे सरकवायला लागली. मी त्यावर हात ठेवला. आजवर मी कुणाकडे चिमूटभर मीठसुद्धा मागितलं नाही. म्हटलं, "डेल्फीन, मी मागतेय. तिच्यासाठी."

तिने माझ्या हाताखालून कागद ओढून घेतला. "त्या बाकावर मी बसले, कारण दुसरं कुणीच बसणार नव्हतं. त्याने मोडलेला तिचा जबडा मी पाहिला होता, ऑर्फा. आंधळी नाही मी."

स्वभाव कसा, या रकान्यात तिने लिहिलं: प्रामाणिक. सोशीक, नको तितकी. आणि सही केली.

"परवाना मिळणार कधी?"

"टॅमी म्हणते, उन्हाळा उलटेल. न्यायाधीशाच्या मनात येईल तेव्हा."

"तो एप्रिलात येणार. इथेच येणार, जाईल कुठे?" तिने चष्मा काढला. "तुझा फोन तोच आहे?"

"तोच."

ड्वेन आला. दुसऱ्या दिवशी पहाटे कोरीन बूट चढवत होती आणि डेल्फीनचा फोन आला. "त्याची गाडी अंगणात आहे. काचेवर दव तसंच आहे, हललेली नाही. पाठव पोरीला." आणि ठेवलाच. रोज एवढंच. पुढे पुढे "दव आहे" एवढंच म्हणायची.

मे महिन्यात एकदा म्हणाली, "गाडी नाहीये. तिला सोडू नकोस. शेरीफला मी कळवलंय."

तो गोठ्याच्या वळणावर सापडला, दिवे मालवून बसलेला. शेजारच्या सीटवर दोरी होती. हुकूम मोडला म्हणून परत आत गेला, या वेळी बऱ्याच वर्षांसाठी. त्या दिवशी गाईंचं दूध मालकाने स्वतः काढलं आणि आठवडाभर पाठ धरून फिरला.

परवाना ऑगस्टमध्ये आला. कोरीन आता पिस्तूल कोटाखाली घालून जाते.

डेल्फीनच्या अंगणात आता गाडी नाही. फोन मात्र अजून येतो.

"गेली?"

"गेली."

एवढं झालं की ठेवते. तिला उशीर झाला तर मी करते.